मेंदूतलं करडईचं तेल

बंगळूर,
२४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप व्यंकोजी काका यांस,

संयोगिताचा साष्टांग नमस्कार. काकूंनाही माझा नमस्कार सांगावा. इकडे अण्णा, आई आणि मी ठीक आहोत. हुबळीला तुमची प्रकृती कशी आहे? रक्तदाब, साखर, झोप, भूक, सगळं सविस्तर कळवावं. (नुसतं ‘बरं आहे’ असं कळवू नये. त्यावरून काहीच समजत नाही.) रेल्वे वर्कशॉपातल्या इंजिनांचे क्रमांक अजून ओळीनं आठवतात ना? मधले एखाददुसरे गळत असतील तर तेही लिहावं.

खंडेनवमीला तुम्ही इथे आला होतात तेव्हा माझं काम नेमकं काय, असं विचारलंत, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत देवघराची बिजागरी करकरते म्हणून तेलाची कुपी घेऊन उठलात. म्हणून आता लिहूनच सांगते. आमच्या संस्थेत मृत्यूनंतर दान आलेले मेंदू ठेवतात. (तिला बँक म्हणतात. ठेवीदार काढायला येत नाही, एवढाच फरक.) काही मेंदू विस्मरणाच्या आजारानं गेलेल्यांचे, काही हेल्मेट न घालता स्कूटर चालवणाऱ्यांचे. त्यातला हरभऱ्याएवढा तुकडा मी दळते, त्यातली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ वेगळे काढते, आणि आजारानं किंवा मारानं त्यांत काय बदललं ते पाहते. मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरतो त्यातला निम्मा तरी भाग स्निग्ध असतो. (हे आईला सांगितल्यापासून ती माझ्या बारीक होण्याची वेगळीच काळजी करते.)

पण बदललं काय हे कळायला शेजारी त्याच वयाचा निरोगी मेंदू लागतो, आणि माझा प्रबंध तिथेच अडला आहे. आजारी माणसाचे नातेवाईक मोठ्या मनानं होकार देतात. निरोगी माणसाचे म्हणतात, त्यांना तर काहीच झालं नव्हतं, मग तपासायचं काय? असा एकच नमुना माझ्याजवळ होता आणि तो मी नवरात्राआधीच दळून संपवला. तेव्हापासून लग्नाकार्यात कुणी ऐंशीच्या पुढचे आजोबा शहाजीराजांपासूनची वंशावळ न अडखळता सांगू लागले, की मी खुर्ची पुढे ओढून बसते. आईला वाटतं, मला उशिरा का होईना घराण्याचा अभिमान आला.

आता जे घडलं ते. नवमीला आपण तलवारीशेजारी ज्याचं त्याचं हत्यार मांडतो. अण्णांनी पीण्या वसाहतीतल्या आपल्या कारखान्यातून मोजमापाचा व्हर्नियर आणला, आईची विळी होती, आणि माझं म्हणून दरवर्षी पेन असतं. गेल्या वर्षी ते पाहून तुम्ही म्हणालात, “पेन गावचे हिशेब लिहिणाऱ्या शानभोगाकडेही असतं. तुझं हत्यार आण.” म्हणून यंदा मी दळायचं यंत्र घरी आणलं, म्हणजे जाड काचेची नळी आणि तिच्यात घट्ट बसून फिरणारा, आटे पाडलेला दांडा. परवानगी सरांनीच दिली. (सर म्हणजे माझे मार्गदर्शक, डॉ. बिंदुमाधव. एरवी प्रयोगशाळेत ते देवाचं नाव काढत नाहीत, पण आयुधपूजेला सेंट्रिफ्यूजला केळीचे खुंट बांधायला स्वतः स्टुलावर चढतात.) यंत्राला कुणी हात लावू नये, फूलही दुरून वाहावं, असं मी सर्वांना बजावलं. तुम्ही मान डोलावलीत. मग मी पानं वाढायला आत गेले.

नवमीनंतर मी आजारी आणि मार लागलेले मेंदू दळायला घेतले. प्रथिनांचं काम सुरळीत झालं. स्निग्ध पदार्थांची रीत अशी, की ते क्लोरोफॉर्ममध्ये उतरवून घ्यायचे, त्याचा थेंब पांढरी पूड थापलेल्या काचपट्टीवर ठेवायचा आणि पट्टीचं टोक द्रावणात बुडवायचं. मग प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीपर्यंत चढतो, आणि आयोडीनची वाफ दिली की पिवळे ठिपके उमटतात. या खेपेला वरच्या अंगाला एक जादा ठिपका उमटला. विस्मरणवाल्या प्रत्येक मेंदूत होता, स्कूटरवाल्या प्रत्येक मेंदूत होता, आणि त्या एकुलत्या निरोगी मेंदूत नव्हता. सरांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी सगळ्यांना कॉफी मागवली, जे पीत नाहीत त्यांनाही. दुसऱ्या दिवशी ते हैदराबादच्या सभेसाठी भाषण लिहायला बसले. शेजारच्या टेबलावरच्या कावेरीनं मला विचारलं, सर तुझं नाव पहिलं घालतील ना?

मला आनंद झाला नाही असं नाही. पण ठिपका साध्या तेलातुपाच्या जागी होता. मेंदूत नाना तऱ्हेचे स्निग्ध पदार्थ असतात, साधं तेल मात्र जवळजवळ नसतं. म्हणून एका दुपारी मी यंत्रात मेंदू न घालता नुसतं क्लोरोफॉर्म फिरवून पाहिलं. ठिपका आला, आणि आधीपेक्षा ठळक आला. म्हणजे आम्ही शोधलेला रोग व्हायला मेंदू असण्याचीही गरज नव्हती.

कावेरीनं विचारलं, हे यंत्र मधे बाहेर कुठे गेलं होतं का? मी घरी फोन लावला. अण्णा आधी हसले, मग म्हणाले, “अगं, दादानं दांड्याच्या आट्यांत दोन थेंब सोडले की. म्हणाला, एवढं घट्ट बसतं आणि ही कोरडंच फिरवते, पोरीचे हात दुखत असतील.”

काका, तुम्ही बाहेरून इतकं स्वच्छ पुसलं होतंत की मला संशयही आला नाही. साबण आट्यांत पोचला नाही. क्लोरोफॉर्म पोचलं आणि दर खेपेला थोडं थोडं तेल घेऊन आलं. निरोगी नमुना नवमीच्या आधीचा होता, म्हणून तो तेवढा सुटला. (हात खरोखर दुखत होते. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तेल पडल्यापासून कमी दुखले, हेही नोंदवते.)

सरांना सांगायला मीच गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. “कुठलं तेल?”

मी म्हटलं, करडईचं. काका दुसरं वापरत नाहीत.

“हे काका म्हणतात,” सर म्हणाले. “तू तपासलंस?”

मी तपासलं. सर गेल्या आठवड्यात हैदराबादला गेले आणि त्यांनी ठिपक्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. सभागृह हसलं म्हणे. नंतर तिघंजण गुपचूप येऊन दांड्याचे आटे कसे धुवायचे ते विचारून गेले. भाषणावर माझं नाव पहिलं होतं. एकंदरीत मी समाधानात आहे. नवा दांडा आला आहे, जुने नमुने पुन्हा दळते आहे, आणि ते पट्टीवर जिथे चढायला हवेत तिथेच चढत आहेत. निरोगी मेंदू मात्र अजून मिळालेला नाही.

तुमची पुतणी,
संयोगिता

ता. क. तुमचं करडईचं तेल करडईचं नाही. अर्ध्याच्या आसपास पामतेल आहे. तेलवाला बदलावा. आलेख सोबत जोडला आहे, दुकानात दाखवता येईल.

ता. क. २. तुम्ही एक्याऐंशीचे आहात आणि माझ्या माहितीत तुमच्याइतकं शाबूत डोकं दुसरं नाही. तुमच्यानंतर ते आमच्या बँकेला मिळावं, अशी विनंती आहे. काकूंची संमती नसेल तर विषय बंद. घाई मुळीच नाही. मी प्रबंधाला हव्या तितक्या वेळा मुदतवाढ मागेन. दळायचं काम कावेरीला देईन, कारण माझा हात हलला तर आकडे बिघडतील. एकच अडचण आहे. मेंदू काही तासांत पोचावा लागतो आणि हुबळीहून ते जमत नाही. तेव्हा तुम्ही दोघांनी इथे आमच्याकडे येऊन राहावं. अण्णा दरवर्षी बोलावतात तेव्हा तुम्ही ‘पाहुणा म्हणून येईन’ म्हणून विषय संपवता. हा पाहुणचार नव्हे, काम आहे.

ता. क. ३. पत्र टपालात टाकायचं राहिलं, आणि आज इथल्याच येलहंक्याच्या तीन बहिणींनी आपल्या आईचा मेंदू दिला. वय चौऱ्याऐंशी. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या बाई तिन्ही जावयांचे दोष क्रम न चुकता सांगत होत्या. माझा प्रबंध सुटला. त्यामुळे दुसऱ्या ता. क.मधली सर्व कारणं रद्द समजावीत. तुम्ही दोघांनी इथे येऊन राहावं, हे वाक्य मी पुन्हा तपासलं. ते कारणांशिवायही टिकतं.