कानामागची तीट

६ नोव्हेंबर
पोचले एकदाची! तापी समुद्राला मिळते तिथलं हे एवढंसं बेट. त्यावर आमच्या कॉलेजचं केंद्र, म्हणजे तीन खोल्या, एक प्रयोगशाळा आणि वर गच्ची. मोबाइलला रेंज फक्त गच्चीच्या कोपऱ्यात. बेटावर शिकायला जाणार म्हटल्यावर मैत्रिणींना नारळाची झाडं आणि पांढरी वाळू दिसली होती. इथे गुडघाभर चिखल आहे आणि तिवरांची झुडपं. मला मात्र आवडलं. सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या आमच्या खोलीत कापडाच्या लूमची खडखड कधी थांबतच नाही, तिथून आलेल्या माणसाला ही शांतता म्हणजे चैनच.

होडी फक्त भरतीला येते. ओहोटीला चारी बाजूंनी चिखल, मग कोणी येत नाही की जात नाही.

इथे आम्ही तिघंच. मुकुंद सर आमचे मार्गदर्शक, हळू आवाजात बोलणारे, एवढ्या उकाड्यातही कानांना मफलर. हर्षल माझ्या पुढच्या वर्षाचा, बारडोलीचा, कालच घरी दिवाळी करून आलाय. त्याच्या आईच्या चकल्या माझ्यापर्यंत पोचेस्तोवर निम्म्या झाल्या होत्या. सर दिवाळीलाही घरी गेले नाहीत म्हणे. कामाचं वेड, दुसरं काय.

आमच्या घरात मी पहिली एम.एस्सी. होणार. अण्णांनी ही बातमी सगळ्या लूमखात्यात सांगून ठेवली आहे, त्यामुळे नापास व्हायची सोय नाही.

८ नोव्हेंबर
काम सुरू. चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे, सुरतेत ज्यांना लेवटा म्हणतात, ते मोजायचे. सगळे मोजणं अशक्य, म्हणून युक्ती अशी: काही पकडायचे, कल्ल्यामागे काळ्या शाईचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचे. ते फिरून आपल्याच बिळाकडे येतात. मग पुन्हा पकडायचे आणि ठिपक्याचे किती मिळतात ते पाहायचं. सरांनी दोन गोष्टी बजावल्या. पकडण्याआधी हात ओले करायचे, म्हणजे त्यांच्या अंगाला इजा होत नाही. आणि ठिपक्याचा सापडला तर सोडायचा नाही, तो बरणीत, औषधात. मला वाईट वाटलं. बिचारा घरी म्हणून परत येतो आणि बरणीत जातो.

पायऱ्यांपाशी एक फार मोठं बीळ आहे. खेकड्याचं असेल, असं सर म्हणाले. एवढा खेकडा असला तर आमच्या जेवणाचा प्रश्न सुटला.

९ नोव्हेंबर
आज हसून हसून पुरेवाट झाली. केस वर बांधले तर हर्षल म्हणाला की तुलाही कोणीतरी पकडून सोडलेलं दिसतंय. माझ्या उजव्या कानामागे काळा ठिपका! मी म्हटलं, ही आईची तीट. आमची आई परीक्षा असो की लग्न, लेकरू बाहेर निघालं की दृष्ट लागू नये म्हणून कानामागे काजळ लावतेच. निघताना रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तिने घाईघाईने चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली, तेव्हाच लावली असणार.

१२ नोव्हेंबर
साबण झाला, खोबरेल तेल झालं, तीट जात नाही. आई काजळ घरी पाडते, ते काही लेचंपेचं नसतं.

पण आज हर्षल वाकून जाळं धुत होता तेव्हा त्याच्या कानामागेही तसाच ठिपका दिसला. विचारलं तर तीळ आहे म्हणाला, आणि लगेच हात कानाकडे गेला. तिळाला कोणी असं चाचपून बघतं?

दुपारी जेवण झाल्यावर ओहोटी असते, तेव्हा आम्ही तिघंही मेल्यासारखे झोपतो. मी तर दुपारची कधीच झोपत नव्हते.

१४ नोव्हेंबर
उठले तर उशीवर ओला चिखल. दाराच्या कडीवरही. पायऱ्यांवरून खाली, त्या मोठ्या बिळाकडे, काहीतरी सरपटत गेल्यासारखा पट्टा.

मला हा चावटपणा हर्षलचा वाटतो. की सरांचा? शाईची बाटली आता माझ्या पेटीत कुलपात ठेवली आहे. सरांनी ती कुठे गेली म्हणून विचारलंसुद्धा नाही, आणि तेच मला खटकलं.

१५ नोव्हेंबर
हर्षल नाही. दुपारी उठले तेव्हा त्याची खाट रिकामी. सर म्हणाले, घरून बोलावणं आलं, होडीने गेला. पण होडी सकाळीच येऊन गेली, आणि जेवायला तो माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या चपला दाराशी आहेत. चष्मा उशीपाशी आहे. चष्म्याशिवाय त्याला हातातला घास दिसत नाही.

सरांबरोबर एका छपराखाली राहायचं नाही मला. उद्याच्या होडीने घरी.

१७ नोव्हेंबर, घर
लूमची खडखड ऐकून रडू आलं. आईला सगळं सांगितलं. केस बाजूला करून ठिपका दाखवला आणि विचारलं, ही तीट तूच लावलीस ना? आईने अण्णांकडे पाहिलं. मग म्हणाली, “हाव, मीच लाई व्हती.”

छातीवरचा धोंडा उतरला. सरांवर, हर्षलवर काय काय संशय घेतले मी! अण्णा नुसते माझ्या बॅगेकडे बघत बसले. ते बघणं मला सहन होत नाही.

१९ नोव्हेंबर
सरांचा फोन आला. रागावले नाहीत. हर्षल घरी मजेत आहे म्हणाले. माझं अर्धं काम झालंय, ते असं सोडू नये, माझ्यावाचून पुढचं काही सिद्ध होणार नाही, असंही म्हणाले. एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. उद्या निघते. या खेपेला आईने डाव्या कानामागे मोठी तीट लावली, माझ्या समोर.

२० नोव्हेंबर
पोचले. सर धक्क्यावर वाट बघत होते. मी होडीतून उतरले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नाही, कानाकडे पाहिलं.

आईची नवी तीट तोंड धुताना पुसली गेली. एकदा हात फिरवला आणि गेली. जुनी तशीच आहे.

मग मी बारडोलीला फोन लावला. हर्षलच्या आईने उचलला. त्यांनी मलाच विचारलं, हर्षल फोन का घेत नाही.

२१ नोव्हेंबर
गच्चीवर आहे. सकाळची होडी सरांनी परत पाठवली, मला न विचारता. आता पाणी उतरतंय.

आईचा फोन आला. रडत होती. म्हणाली, “मी काही लाई नव्हती वं बेटी. त्या रोज काजळनी डबीच सापडनी नही. तू घाबरी जायेल व्हती, शिक्षण सोडी देशी, म्हणीसन हां सांगं.”

तिच्यावर राग येत नाहीये. नुसतं तिच्याजवळ जायचंय.

नंतर
खाली जाऊन सरांना विचारलं. त्यांनी मफलर काढला. त्यांच्याही कानामागे आहे, जुना, फिकट. म्हणाले, “म्हणून मी बेट सोडत नाही. जाऊन परत आलेलाच दुसऱ्यांदा सापडतो.”

मग मला का बोलावलंत?

ते खूप शांतपणे म्हणाले, “हर्षल एकटाच होता. एकावरून निष्कर्ष काढता येत नाही, योगिता.”

मी पुन्हा गच्चीवर आले, फोन खालीच राहिला, आणि त्यांनी जिन्याचं दार पलीकडून लावून घेतलं आहे.

—
पाणी गेलं. नुसता चिखल. निवटे दिसत नाहीत, एकही नाही. पायऱ्यांपाशी बीळ — आधी एवढं नव्हतं, एवढं मोठं नव्हतं —

—
झोप येतेय. भर उन्हात. झोपायचं नाही. झोपायचं —

—
आई, मी

—
जिन्यावर ओलं काहीतरी. दार उघडलं, आवाज न करता. किती सावकाश. जराही इजा होऊ नये म्हणून —

मानेवर गार. हात ओले आहेत. केस बाजूला करतंय. आम्हीसुद्धा आधी ठिपका बघतो, आणि मग