ब्राउझरच्या फटीतून गेलेलं पत्र

तीर्थस्वरूप ताईस,

बसल्या जागेवरूनच नमस्कार, कारण मांडीवर चष्म्याच्या काचा पसरल्यात. तुझी कंबर आता वाकते का, आणि वाकली तर पुन्हा सरळ होते का, ते कळव. मी ठीक. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. तेच सांगायला बसलोय.

मागच्या महिन्यात तुझ्या लेकीचा फोन आला. (लहानपणी ती आपल्या सगळ्यांच्या चुका काढायची, आता सॉफ्टवेअरमधल्या काढते आणि त्याला नोकरी म्हणतात.) म्हणाली, "मामा, तुमच्या मोबाइलमधल्या ब्राउझरला फट सापडलीय. तिच्यातून एक पान शेजारच्या पानात शिरतं, तिथलं वाचतं, परस्पर पाठवूनही देतं. अपडेट करून घ्या." मी भिंग लावून सगळा फोन तपासला. साधा ओरखडाही नव्हता. निर्धास्त झालो.

दुकानातली दुपार तुला ठाऊक आहे. दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, भिंतीवरच्या चष्म्यांतून उन्हाचे तुकडे हळूहळू सरकत असतात. अशा वेळी मी मोबाइलमधल्या एका पानावर कुठल्याशा तळ्यावरचे ढग लावून ठेवतो (ते येतात, जातात, काही मागत नाहीत) आणि शेजारच्या पानात पत्र लिहितो. ग्रंथपालबाईंना. त्यांच्या दोन बुबुळांतलं अंतर एकसष्ट मिलिमीटर. ते मोजताना मी आकडा तीनदा विसरलो, तेव्हापासून चार महिने तेच पत्र चाललंय: आज एक शब्द घालायचा, उद्या तोच काढायचा.

मागच्या मंगळवारी ढगांकडे बघता बघता डोळा लागला. स्वप्नात त्या तळ्यावरून चालत होतो. पाणी काचेसारखं घट्ट, आणि खाली दुसरं आभाळ. जाग आली तेव्हा ढग होते, पत्र नव्हतं. नुसतं 'पाठवलं' एवढंच. तेव्हा मला ती फट आठवली. दुकान तसंच उघडं टाकून वाचनालयात धावलो.

बाई पुस्तकं लावत होत्या. म्हणालो, "ते पत्र मी पाठवलेलं नाही. ब्राउझरला फट आहे."

त्यांनी चष्मा काढला. "आणि लिहिलं कोणी? फटीनंच?"

"नाही. लिहिलं मीच."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "फोनचा भरवसा नाही म्हणता, तर उत्तर कागदावर देते."

परत कसा आलो आठवत नाही. (शेजारचा शिंपी म्हणतो, मी आधी त्याच्याच दुकानात जाऊन बसलो होतो.)

भाऊजींना सांग, त्यांचा चष्मा तयार आहे.

तुझा धाकटा

ता.क. काल तुझी लेक फोन बघून गेली. तिनं कळवलं त्याच दिवशी अपडेट आपोआप होऊन ती फट बुजली होती म्हणे. "'पाठवा'वर तुमचाच अंगठा पडला, मामा." हे बाईंना कळायला नको.

ता.क. २. लिफाफा आलाय. तीन दिवस ड्रॉवरमध्ये आहे, उघडायचा धीर होत नाही. उजेडासमोर धरून पाहिलं. आत एकच ओळ, नऊ सेंटिमीटरची. 'नाही' लिहायला दीड पुरतात, मी लिहून मोजलं. पण माणूस सभ्य असेल तर नऊही लागतात. म्हणून ताई, तू ये आणि फोड.