मंजुळेची शेपटी

जे. पी. नगर, बेंगळुरू
१२ जानेवारी

चि. भार्गवी,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. तुझी शिवलीलामामी बरी, तिचा गुडघा बरा, माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच हसतेस. भेटायला यावं तर मारतहळ्ळीच्या रस्त्यावर माणूस म्हातारा होतो, आणि मी आधीच झालोय. म्हणून पत्र.

आपल्या ‘उडत्या मंजुळे’ची त्यांनी खरी माणसं घेऊन नवी मालिका काढली आणि पार वाटोळं केलं गं! तू सुट्टीत यायचीस आणि आपण दोघं आंब्याच्या फोडी खात ते कार्टून बघायचो. ती जांभळी म्हैस, ढगावर बसून रवंथ करणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. ती आता काळी केलीय. का, तर खरी वाटावी म्हणून! म्हणजे म्हैस उडलेली चालते, जांभळी चालत नाही. गुराखी पोरगा केसांना जेल लावून तिच्यामागे धावतो. विनोद सगळे काढून टाकलेत. म्हैस आता दुःखी असते. तिला म्हणे भूतकाळ आहे.

आणि शेपटी! ओल्या दोरीसारखी नुसती लोंबते. ज्याने कुणी ती केली त्याने जन्मात म्हैस पाहिलेली नसावी. पहिला भाग संपताक्षणी मी टीव्ही बंद केला आणि पांघरूण घेऊन पडलो. मामी म्हणाली, स्वल्प शांत व्हा, म्हैसच तर आहे. तिला काय कळणार!

तुझं मत सविस्तर कळव. चकल्या केल्यात, त्या मी संपवायच्या आत ये.

तुझा,
विलासमामा

मारतहळ्ळी
१७ जानेवारी

ती. विलासमामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा हसत, एकदा नाही.

तुमचं म्हणणं खरं आहे. जांभळ्या रंगासाठी मी ऑफिसात भांडले होते. साहेबांनी विचारलं, जांभळी म्हैस पाहिलीस कुठे? मी म्हटलं, जे. पी. नगरला. होय मामा, मंजुळा आमच्याच ऑफिसात, कॉम्प्युटरवर तयार झाली. आणि ती शेपटी मी केली.

आधी सांगितलं नाही, कारण माझं नाव तुम्हाला अचानक दिसावं अशी फार इच्छा होती. पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत उठू नये, तसं शेवटची नावं संपेपर्यंत टीव्हीसमोरून उठायचं नाही, हा नियम तुमचाच. मी उठले की फ्रॉक धरून खाली बसवायचात. मला वाटलं, बाकी कुणी नावं बघो न बघो, मामा बघतीलच. आणि नेमके तुम्हीच पंगतीतून उठलात.

वाईट वाटलं. पुढच्या वर्षीच्या भागांसाठी अख्खी म्हैस माझ्याकडे द्यायचं चाललंय. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. जिला शेपटी जमली नाही तिने म्हैस कशाला घ्यावी? नाही म्हणून टाकणार आहे.

मामीला नमस्कार. चकल्या खुशाल संपवा. रुसले असले तरी तुमचा लोभ कमी करू नये.

तुमची,
भार्गवी

जे. पी. नगर
२३ जानेवारी

चि. भार्गवी,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मामी म्हणते दोन भाकऱ्या उतरल्या. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तो भाग पुन्हा लावला. पण नावं सुरू झाली की हे यंत्र लगेच पुढचा भाग लावतं. यजमानच पंगत उठवायला लागला तर जेवणाऱ्याने काय करावं? शेवटी शेजारच्या महांतेशला बोलावलं. तो म्हणाला, सरी अण्णा, बरं, रिमोट माझ्याकडे द्या. तुझं नाव आलं आणि त्याने चित्र थांबवलं. मामीने शिरा केला. मी अख्ख्या गल्लीला बोलावलं. मंडळी बराच वेळ पिक्चर सुरू व्हायची वाट बघत बसली. खालच्या विठाबाईंनी विचारलं, हिरॉइन कधी येणार? मी नावाकडे बोट दाखवून सांगितलं, ही काय, आली की.

आता मत. शेपटी वाईटच आहे. तुझं नाव वाचून ती सुधारली नाही, आणि तुला खोटं सांगायची मला सवय नाही. पण साहेबाला तोंडावर ‘जे. पी. नगरला पाहिली’ म्हणणारी तुमच्या ऑफिसात दुसरी कोण आहे? म्हैस तूच घे. जांभळी करू देत नसतील तर निदान तिला हसव. शेपटी पुन्हा कर. पुन्हा बिघडली तर पुन्हा शिव्या देईन, पण नावं संपेपर्यंत बसून.

टीव्ही अजून तुझ्या नावावरच थांबवलाय. मामीची मालिका बुडतेय, ती माझ्याशी बोलत नाही. तुझा होकार आल्याशिवाय पुढे सरकवणार नाही. म्हाताऱ्यावर एवढी दया करावी.

तुझा,
विलासमामा

मारतहळ्ळी
२८ जानेवारी

ती. विलासमामास,
शि. सा. न. वि. वि.

मामीला तिची मालिका लावून द्या.

तुमची,
भार्गवी