फक्त बाहेरून लावण्यासाठी

आई, भिवपुरीच्या वीजघराच्या अलीकडं एका बांधावर बसून लिहितोय. आज काम अर्धवट टाकून आलोय. "पळालास काय रं परत?" असं तू विचारशील. अजून नाही. सकाळी किळस आली म्हणून उठून आलोय.

तुझा साखरेचा डबा आठवतो. साजगावच्या कारखान्यात तू औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचीस आणि वाया गेलेली लेबलं घरी आणून डब्यांना चिकटवायचीस, गंज दिसू नये म्हणून. साखरेवर लाल अक्षरात 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. मामा चहा घेताना डबा बघतो नि म्हणतो, "ताई, हा प्यायचा का गुडघ्याला चोळायचा?" तू पदर तोंडाला लावून हसतेस. तेवढं बघून मी शेजारणीला द्यायच्या चोळायच्या तेलाच्या बाटलीवर सरबताचं लेबल लावलं, तर तू फाडकन कानाखाली दिलीस. "साखरेला चालतं मग?" मी रडत विचारलं. तू म्हणालीस, "साखर घरात हाय. कशात काय हाय ते आपल्याला म्हाईत हाय. बाटली बाहेर जाते. त्या बाईला कोण सांगाया जाणार?"

मध्ये बरंच फिरलो. मालदीवलाही होतो, मालेच्या एका हॉटेलात भांडी घासायला. समुद्र असा निळा की बघून वैताग यायचा, पण ते राहू दे. तिथल्या आचाऱ्यानं मला डबे वाचायला शिकवलं. त्यांची दिवेही भाषा उजवीकडून डावीकडं लिहितात, आणि स्वराची खूण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी बसते. खूण नसली तर अक्षराचा उच्चारच होत नाही. लोनु म्हणजे मीठ, एवढं वाचलं तेव्हा त्यानं मला मासा जास्त वाढला होता.

आता खोपोलीत लेबलांच्या छपाईत कॉम्प्युटरवर बसतो. मालदीवला जाणाऱ्या चोळायच्या तेलाचं काम आलं, त्यावर तुझ्या साखरेच्या डब्यावरचंच वाक्य, दिवेहीत. कॉम्प्युटरला अक्षराचा नंबर वेगळा, खुणेचा वेगळा. मजकूर इकडून तिकडं चिकटवताना दोघांची फारकत झाली, आणि प्रत्येक खूण एका रिकाम्या, ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसली. शेठ मागून बघत म्हणाला, "ह्या काय माश्या बसल्यात? उडव."

"शेठ, गोलाबरोबर खुणा पण जातील. वाचताच येणार नाही."

"तिकडं वाचतंय कोण? सगळे टुरिस्ट."

"घरात पोरं असतील की. कुणी पाजलं तर?"

"दहावी तरी झालास का रं, डॉक्टर?" सगळे हसले. मी गोल उडवले. माझ्याच हातानं, बटण दाबून.

पण राहवेना. पार्टीची, म्हणजे तेलवाल्या गिऱ्हाइकाची, मूळ फाईल पुन्हा उघडली, त्यांचा फॉन्ट टाकला, खुणा पटापट आपापल्या अक्षरावर जाऊन बसल्या. प्रिंट काढून आज सकाळी शेठसमोर ठेवली. त्यानं दोन्ही कागद हातभर लांब धरले. "सारखंच दिसतंय की. पहिल्याची प्लेट झालीय, तेच छापलंय." मग माझ्या कागदावर त्यानं भजी घेतली. तेल त्या अक्षरांमधून पसरत गेलं, आणि शेवटी त्याच कागदाला बोटं पुसून बोळा माझ्या टेबलाखाली टाकला. आई, त्याची किळस आली. त्याच्यापेक्षा मला माझ्या हसण्याची शिसारी आली, कारण मी हसलो होतो, नोकरीतलं हसतात तसं.

उद्या बाटल्या निघतील. पार्टीचा नंबर त्याच लेबलावर आहे, तेवढाच नीट वाचता येतो. उठताना खिशात घातलेल्या लेबलावरून तो मोबाइलवर घेऊन ठेवलाय. इथं रेंज पण आहे, कुणाला सांगता येणार नाही की नव्हती म्हणून.

हे तुला पोचणार नाही, तू गेलीस तिथं टपाल जात नाही. खरं सांगू? तो फोन लावायला लागू नये म्हणून तुला लिहीत बसलोय.