वाळक्या दांड्या

२२ नोव्हेंबर

ती. दाजींस,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर गुडघे वाकत नाहीत, आणि वाकत असते तरी तुमच्यापुढे वाकवले नसते. ताईची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, शेक चुकवू नकोस.

वर्तमानपत्रातला तुमचा फोटो पाहिला. बागेच्या कचेरीपुढे कमरेएवढ्या रानफुलांत उभे आहात, छाती फुगवून. खाली छापलंय, 'बागप्रमुखांची दूरदृष्टी! पाण्याविना फुलं, रानमधमाश्यांना आसरा.' मला आधी हसू आलं. मग जेवण गेलं नाही.

याच फुलांचा माझा वाफा तुम्ही उपटलात. एकोणीस वर्षं त्या बागेत मी माळीणकाम केलं, माळावर उन्हातान्हात फिरून बी वेचलं, आणि तुम्ही सगळ्या माळ्यांदेखत म्हणालात, "हे तण आणि ही बाई, दोन्ही आजच बाहेर काढा." बायकोची सख्खी बहीण मी! घरी जाऊन ताईला सांगितलंत, तिनेच काम सोडलं. ताईने ते खरं मानलं, हे मला जास्त लागलं.

आता ऐकाच. त्या शेवटच्या दिवशी तुमच्या लाडक्या हिरवळीवर पसरायची वाळू मी चाळली होती. साठवलेलं सगळं बी मी तिच्यात मिसळलं. हिरवळ नासावी, बस्स. यंदा बागेचं पाणी तोडलं, हिरवळ करपली, आणि माझं बी उगवलं. व्हायची तुमची फजिती, तर झाला सत्कार! हात चोळत बसले मी.

म्हणून तुम्ही ताईकरवी निगा कशी राखायची विचारलंत, तेव्हा मी कळवलं, 'फुलं सुकली की मुळापासून कापा आणि जाळा.' धडधडीत खोटं. बी झडायच्या आत कापलं की पुढच्या वर्षी तिथे नुसती धूळ. पाहुण्यांपुढे तुमचा चेहरा कसा होईल, ते मी रोज मनात बघत होते.

पण काल कुंपणाबाहेरून डोकावले. कितीतरी वाळक्या, पोकळ दांड्यांची तोंडं मातीने लिंपलेली दिसली. या रानमधमाश्या पोळं बांधत नाहीत, दाजी. त्या अशा दांड्यांत अंडी घालतात आणि दार बंद करून निघून जातात. ताई म्हणाली, सोमवारी जाळणार आहात.

जाळू नका. हे तुमच्यासाठी लिहीत नाही. तुमचं नाक कापलं गेलं तर मी गल्लीत गोड वाटीन. पण त्या माश्या माझ्या फुलांच्या भरवशावर आल्या. आपल्या भांडणात त्यांची पिल्लं जळाली तर मला घास गिळवणार नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मी येऊन त्या दांड्यांपाशी बसणार आहे. तुमचा फोटो छापणारा वार्ताहरही सोबत असेल. बी कुणाचं, हे त्याला सांगून झालंय. ताईलाही, आणि मला कुणी काढलं तेही. ती माझ्या शेजारी बसणार आहे.

फाटक उघडायला कुणाला पाठवू नका. माझी किल्ली मी परत केलीच नव्हती.

आपली,
बाहेर काढलेली मेहुणी