काजळीखालची तोमासा

मी, लिसार्दो बारांको लेन्दिनेस, धंदा चित्रकारी, वय चौऱ्याहत्तर, राहणार पेन्याओलिवा, हाएन प्रांत, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायको नाही, मूलबाळ नाही. राग माझा स्वतःचा आहे आणि तो विचारपूर्वक आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी फारच सभ्य होतो.

कलम पहिले, घर. माझे घर चर्चच्या भिंतीला लागून आहे. दरवाजा इतका उंच की ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीतली पालखी छत न उतरवता सरळ आत जाईल. शोकमाता मंडळाचे अध्यक्ष डॉन रोहेलिओ यांचा या दरवाजावर फार दिवसांपासून डोळा आहे. दर नाताळला ते बडीशेपेच्या दारूची बाटली घेऊन येतात, माझ्या चित्रांची वाहवा करतात आणि जाताना दरवाजाची उंची नजरेने मोजतात. घर शोकमाता मंडळाला मिळेल. अट आहे, आणि ती नीट वाचावी.

चर्चमधले शोकमातेचे, म्हणजे मुलासाठी रडणाऱ्या मरियेचे, चित्र मी बत्तिसाव्या वर्षी काढले. निळी शाल, उन्हाने रापलेले गाल, रडून लाल झालेला नाकाचा शेंडा. आज तिथे चित्र नाही, तव्याची पाठ आहे. या गावाला दिसेल त्या गोष्टीला तेल लावायची खोड आहे. दर वर्षी मिरवणुकीआधी मंडळाचे लोक नव्या ऑलिव्ह तेलात फडके बुडवून चित्र पुसतात, का तर आईला तकाकी यावी. मग खाली मेणबत्त्यांच्या रांगा. तेलावर काजळी, काजळीवर पुन्हा तेल. पहिल्याच वर्षी मी ओरडलो होतो. तेव्हाचे पाद्रीबाबा म्हणाले, "अहो मास्तर, आपल्या झाडांचं पहिलं तेल आहे. आईला द्यायचं नाही तर काय तुमच्या सॅलडवर ओतायचं?" दहा वर्षांत चेहरा गेला. पुढे लांबलांबची माणसे येऊन 'काळ्या आई'ला नवस बोलू लागली.

मग माद्रिदहून एक समीक्षक आला. त्याने ती काजळी पाहिली आणि मला 'अंधाराचा थोर चित्रकार' ठरवून टाकले. त्यानंतर मला कोणी उजेड काढू दिला नाही. मी बदामाचा मोहोर काढला की व्यापारी तो परत पाठवी, सोबत निरोप: "मास्तर, तब्येत बरी आहे ना? अजून काळं काढा." पोटासाठी मी उरलेला जन्म डांबरी तपकिरी फासत काढला. त्याच्याबद्दल सरकारी पदक मिळाले. सदर समीक्षकास मी काळ्या रंगाच्या सर्व नळ्या देतो. त्याने आपला दिवाणखाना आतून रंगवून घ्यावा. पदक माझा भाचा सेव्हेरिनो याला द्यावे, कारण त्याला दुसरे काहीही मिळणार नाही. मी आजारी असताना तो चित्रे मोजायला आला होता, मला बघायला नाही.

पिवळे, निळे आणि शेंदरी रंग, न उघडलेले, मुलींच्या शाळेला.

आता तोमासा. तोमासा मोलिना, तेलाच्या घाण्यावर काम करणारी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शोकमातेच्या चित्रासाठी माझ्यासमोर तीच बसली होती. तिचे पहिले मूल नुकतेच गेले होते. ते रडणे मी बनवलेले नाही. माझे तिच्यावर प्रेम होते. तिने आधीच घाण्यावरच्याच एकाशी लग्न केले होते, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार गावाबद्दल आहे. एकदा धुण्याच्या हौदावर ती सहज म्हणाली, "अगं, चर्चमधली ती म्हणजे मीच." बायका हसून लोटपोट झाल्या. "मग काय गं, तुलाच मेणबत्ती लावू का?" तेव्हापासून या गावात तिचे नाव 'देवाची आई' पडले आहे आणि पोरेटोरेही तिला तशी हाक मारतात. यादवी युद्धात चर्च पेटले तेव्हा चित्र पाठीवर घेऊन घाण्यातल्या पोत्यांमागे दडवले ते याच बाईने. मंडळाने आभाराची संगमरवरी पाटी बसवली ती डॉन रोहेलिओच्या वडिलांच्या नावाची. ते त्या वेळी गावातच नव्हते.

मी स्वतः एकदा स्पिरिट आणि कापूस घेऊन चित्रापाशी गेलो. नाण्याएवढी हनुवटी उघडी झाली, तोच कोणीतरी धोक्याची घंटा वाजवली. माणसे काठ्या घेऊन धावली. माझ्या डोळ्यांदेखत डॉन रोहेलिओंनी मेणबत्ती धरून ती हनुवटी पुन्हा काळी केली. वर मला समजावले, "मास्तर, काळी आहे म्हणून तर लोक हात जोडतात. धुतलीत तर बाई दिसेल हो, आई नाही दिसणार."

अरे, बाईच होती ती!

परवा तोमासा बाजारात भेटली. म्हणाली, "लिसार्दो, घरात माझा एक फोटो नाही. तेव्हा मी कशी दिसायचे, मलाच आठवत नाही रे आता. डोळे आहेत तोवर एकदा बघू दे." त्याच दुपारी मी हे लिहायला बसलो.

तर अट अशी. माझ्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांच्या आत ग्रानादाहून जाणकार माणूस आणून चित्राचा निदान चेहरा तरी स्वच्छ करावा. खर्च माझ्या शिलकीतून. उरेल ते तोमासाला. चेहरा उघडेल त्या दिवशी तोमासाला पहिल्या बाकावर, अध्यक्षांच्या पत्नीच्या जागी बसवावे. यानंतर चित्राला तेलाचा थेंब लागला तरी, किंवा यातले काहीही चुकले तरी, घर दरवाजासकट गावातल्या दुसऱ्या, म्हणजे क्रूस मंडळाला जाईल. मग शोकमाता मंडळाने दर वर्षी आपली पालखी पावसात उभी करून समोरच्यांची पालखी माझ्या दारातून ऐटीत आत जाताना बघावी.

शेवटचे कलम. वकिलांनी माझ्या लक्षात आणून दिले की हा कागद मी मेल्याशिवाय चालणार नाही. तोमासा सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला मोतीबिंदू आहे. म्हणजे मला आधी जायला हवे, आणि लवकर. डॉक्टरांनी दारू, तंबाखू आणि डुकराची चरबी बंद केली होती. तिन्ही आजपासून सुरू केली आहेत.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, एक शब्दही सौम्य केला नाही.

पेन्याओलिवा, १४ नोव्हेंबर १९६१

(सही) लिसार्दो बारांको लेन्दिनेस

साक्षीदार:
(सही) इल्देफोन्सो कानो, भटारखानेवाला
(सही) मेल्चोर उरेन्या, गुरांचा डॉक्टर
(सही) डॉ. गास्पार लिनारेस, मृत्युपत्रकर्त्याचा डॉक्टर. सही मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर केली, एवढीच साक्ष. शेवटचे कलम मला नामंजूर. मृत्युपत्रकर्ता जिवंत असतानाच चित्राचा चेहरा धुवावा यासाठी डॉन रोहेलिओंकडे मी आत्ताच निघालो आहे.