राहू दे

प्रिय धाकट्या,

सर जाऊन नऊ दिवस झाले, आणि सख्ख्या बहिणीला तुझा एक फोन नाही. पेपरवाल्यांना मात्र तीन मुलाखती दिल्यास. सर गेले त्या मंगळवारी दुपारी ते तुला म्हणाले, 'शेवट राहू दे', म्हणून त्यांच्या या अखेरच्या सिनेमाला तू घेतलेलाच शेवट राहणार, असं छापून आलंय. खरंच म्हणाले, की त्यांनी म्हणायला हवं होतं असं तुला वाटतंय?

रागावू नकोस. तुला त्यांच्याकडे सहायक म्हणून मीच चिकटवलं, तेव्हा संशय घ्यायचा पहिला मान माझा. अकरा वर्षं मी त्यांचे सिनेमे एडिट केले. लोकांना दोन्ही सारखंच वाटतं, पण सरांचं 'असू दे' म्हणजे ठेव आणि 'राहू दे' म्हणजे काढून टाक. पहिल्याच सिनेमात मी उलटं समजले, नायिकेचं रडणं चार मिनिटं ठेवलं आणि यथेच्छ बोलणी खाल्ली. हा किस्सा तुला तोंडपाठ आहे. मग आत्ताच बरा विसरलास? अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी एडिटिंगच्या खोलीची किल्ली मागायला आलास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. किल्ली पर्समध्ये होती. सापडत नाही, अशी थाप मारली मी.

काल तुझा शेवट पुन्हा पाहिला. म्हातारा दार लोटतो, पण कडी लावत नाही. चांगला आहे रे. त्याचाच जास्त राग आला.

आता खरं लिहिते. त्या मंगळवारी तू घरी निघून गेल्यावर सर माझ्या एडिटिंगच्या खोलीत येऊन बसले. खांदा चोळत होते, कपाळावर घाम होता. डॉक्टरांना बोलावू का, विचारलं. 'राहू दे' म्हणाले. एकेका शॉटसाठी त्यांच्याशी तासभर भांडणारी मी, मुकाट्याने कामाकडे वळले. वीस मिनिटांनी मागे पाहिलं तर त्यांची मान कलली होती. एकाएकी गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. त्यांची मुलगी रोज विचारते, मावशी, बाबांना आधी काही त्रास होत होता का? मी नाही म्हणते. तुझ्यावर संशय घेतला की तेवढा वेळ माझ्याकडे बघावं लागत नाही.

तुझा शेवट असू दे. पण पत्र मिळताच ये. तिला सांगायला जायचंय, एकटीने जाववत नाही. मी फोन करून राहू दे म्हटलं, तरी ये.

तुझीच, थापाडी
ताई